गुप्त सुवर्णनाण्यांवरील राजप्रतिमा व देवताप्रतिमा

इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकांत उत्तर भारतात सत्ता गाजवणाऱ्या गुप्त सम्राटांच्या दीनारांवर, म्हणजे सोन्याच्या नाण्यांवर, सामान्यतः दर्शनी बाजूस राजा आणि मागील बाजूस देवी असते. ही मांडणी गुप्तांपूर्वीच्या कुशाण राजवंशाकडून आली. समुद्रगुप्ताच्या ध्वजधारी प्रकारात राजा कुशाणांसारखाच अंगरखा व विजार घालून लहानशा वेदीवर धूप वाहताना दिसतो. मात्र शेजारी गरुडध्वज आहे, डाव्या हाताखाली ‘समुद्र’ ही अक्षरे एकाखाली एक कोरलेली आहेत आणि शेकडो युद्धांत विजयी झालेला हा अजिंक्य राजा स्वर्गही जिंकतो, अशा अर्थाचा छंदोबद्ध संस्कृत लेख कडेने फिरतो.

मागील बाजूचे स्थित्यंतर अधिक लक्षणीय आहे. फळाफुलांनी भरलेले शिंग हाती घेऊन सिंहासनावर बसलेली देवी मुळात कुशाणांची समृद्धिदेवता अर्दोक्षो होय. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या धनुर्धारी नाण्यांवर सिंहासन जाऊन कमळ येते, हातातही कमळ येते, आणि मग ती लक्ष्मी आहे याविषयी शंका उरत नाही.

राजाचे गुण व त्याची भक्ती एकाच नाण्यावर कशी गुंफली जात, याचा उत्तम नमुना पहिल्या कुमारगुप्ताचा कार्तिकेय प्रकार आहे. पुढे राजा मोराला चारा भरवतो आणि मागे मोरावर आरूढ कार्तिकेय, म्हणजे राजाचाच नामधारक ‘कुमार’, दिसतो. समुद्रगुप्ताच्या अश्वमेध प्रकारात तर राजा दिसतच नाही. यूपासमोर, म्हणजे यज्ञातील खांबासमोर, घोडा उभा आहे आणि मागील बाजूस चवरी घेतलेली स्त्री, बहुधा पट्टराणी, आहे. त्याच्या वीणावादक प्रकाराला प्रयाग प्रशस्ती या त्याच्या स्तुतिपर स्तंभलेखातील संगीतनैपुण्याच्या वर्णनाचा आधार मिळतो, तरी तो केवळ छंदाचा पुरावा मानू नये, कारण हीसुद्धा राजाने ठरवून घडवलेली प्रतिमा आहे.

स्कंदगुप्ताच्या काळात सुमारे ९.२ ग्रॅमचे जड नाणे आले, पण सोन्याचा कस उतरला. पुढील राजांनी मुख्यतः धनुर्धारी व लक्ष्मी हाच छाप चालू ठेवला.

नाणे पाडण्याचा ठसा सोन्याच्या चकतीहून मोठा असल्याने कडेचे लेख बहुधा अर्धवट उमटत आणि एकाच प्रकारची अनेक नाणी ताडून ते पूर्ण करावे लागतात. भरतपूरजवळील बयाना येथे १९४६ मध्ये सापडलेला साठा त्यामुळेच मोलाचा ठरला. त्यातील १८२१ नाण्यांची सूची कोल्हापूर भागात जन्मलेले इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांनी केली.