होम थिएटर कॅलिब्रेशन: एक्स्पर्टचं काम आपल्या हातात कसं आलं

होम थिएटरचा आवाज आणि चित्र मोजून बरोबर जुळवायचं काम, म्हणजे कॅलिब्रेशन, स्वतः करायचं की पैसे देऊन माणूस बोलवायचा, हा वाद आजचा नाही. आणि यात कोण बरोबर ते कळायला आधी हा "माणूस" मुळात लागायला कधी लागला ते बघायला पाहिजे, कारण त्या वेळची कारणं आणि आजची कारणं बरीच वेगळी आहेत.

सुरुवात घरात नाही, सिनेमा हॉलमध्ये झाली. सत्तरच्या दशकात डॉल्बी या साउंड कंपनीची माणसं थिएटरमध्ये माईक लावून, पिंक नॉइज (सगळे सूर असलेला टेस्टचा खरखराट) सोडून अ‍ॅनालायझरवर रिस्पॉन्स, म्हणजे कुठला सूर किती येतो ते, बघायची. हेतू एवढाच की मिक्सिंग करणाऱ्याने स्टुडिओत जे ऐकलं तेच प्रेक्षकाला ऐकू यावं. त्यातूनच सीटवर प्रत्येक मेन चॅनेलला ८५ डेसिबल हा रेफरन्स रूढ झाला. मग १९८३ मध्ये लुकासफिल्मच्या टॉमलिन्सन होलमनने टीएचएक्स हे थिएटर तपासून पास करायचं स्टँडर्ड आणलं, आणि नुसती मशीन चांगली असून भागत नाही, हॉल पण मोजून पास व्हायला पाहिजे ही गोष्ट पक्की झाली. मला वाटतं या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची कल्पना हीच.

चित्राची गोष्ट वेगळी. अमेरिकेत १९५३ मध्ये कलर टीव्हीसाठी एनटीएससी स्टँडर्ड आलं आणि त्यात सिग्नलची फेज जरा सरकली की चेहरे हिरवे नाहीतर जांभळे, म्हणून तिकडे टीव्हीला टिंटचं बटण द्यावंच लागायचं, ते दर वेळी फिरवत बसा. इंजिनियर लोक एनटीएससीचा फुल फॉर्मच "नेव्हर ट्वाइस द सेम कलर" असा सांगायचे. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडला रंगीत दूरदर्शन आलं ते पाल सिस्टिमवर, ज्यात एक लाइन सोडून फेज उलटी करतात त्यामुळे ही चूक आपोआप निघून जाते. म्हणून आपल्या जुन्या टीव्हीत टिंटची भानगड नव्हती, कलर-ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट एवढंच. कॅलिब्रेशनचं वेड अमेरिकेत आधी लागलं त्याचं एक कारण मला हे पण वाटतं.

दुसरं कारण शोरूम. लाइनीत ठेवलेल्या टीव्हींमध्ये जो जास्त भगभगीत आणि निळसर तो गिऱ्हाईकाला जास्त "क्लिअर" वाटतो, म्हणून कंपन्या तसंच सेटिंग करून पाठवायच्या. स्टुडिओत पांढरा म्हणजे साधारण ६५०० केल्विन (हा आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर), आणि घरातल्या टीव्हीवर मात्र ९३०० किंवा त्याच्याही पुढे. याविरुद्ध जो केन नावाच्या व्हिडिओ तज्ज्ञाने मोहीमच उघडली म्हणा ना. ऐंशीचं दशक संपता संपता त्याने टेस्ट पॅटर्नची लेझरडिस्क काढली, पुढे डीव्हीडी काढल्या, आणि १९९४ मध्ये जोएल सिल्व्हरबरोबर आयएसएफ म्हणजे इमेजिंग सायन्स फाउंडेशन सुरू केलं. तिथे ट्रेनिंग घेतलेली माणसं घरोघरी जाऊन टीव्ही सेट करायला लागली.

त्या काळात हे काम खरंच एक्स्पर्टचंच होतं, आणि हे मी मनापासून म्हणतोय. ग्रेस्केलची (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची) सेटिंग मेकॅनिकसाठीच्या सर्व्हिस मेन्यूत लपवलेली, रिमोटवर ठराविक बटणं ठराविक क्रमाने दाबली तरच उघडणार, चुकीचा आकडा बदलला की सेटची वाट. रंग मोजायचं यंत्र सामान्य माणसाच्या बजेटच्या पार बाहेर. आणि थ्री-ट्यूब प्रोजेक्टर असेल तर लाल, हिरवी, निळी अशा तिन्ही प्रतिमा पडद्याच्या कानाकोपऱ्यात एकावर एक बसवायच्या, म्हणजे कन्व्हर्जन्स, त्यात तास न् तास जायचे.

आवाजाचं तसं नव्हतं. १९८७ मध्ये घरातल्या सराउंड आवाजासाठी डॉल्बी प्रो लॉजिक आलं आणि रिसीव्हरमध्येच टेस्ट टोन मिळायला लागला, एक स्वस्त साउंड लेव्हल मीटर घेतला की सीटवर बसून प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला जुळवता यायचा. म्हणजे आवाजात DIY आधीपासून होतंच, आणि २००० नंतर पायोनियरचं एमसीएसीसी, यामाहाचं वायपाओ, २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऑडिसीचं मल्टीईक्यू, उप्सालाच्या डिरॅकचं सॉफ्टवेअर असं आपोआप जुळवणारं, म्हणजे ऑटो-कॅलिब्रेशन, सगळं येत गेलं आणि मोजायचं काम पण मशीनच करायला लागली. त्याच्याही पुढे रूम ईक्यू विझार्डसारखं फुकट सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा कॅलिब्रेशन फाइलसकट येणारा यूएसबी माईक, म्हणजे जो ग्राफ आधी फक्त प्रोफेशनलकडे दिसायचा तो आता कोणाच्याही लॅपटॉपवर. चित्रासाठी पण एचसीएफआर हे फुकट सॉफ्टवेअर आलं, रंग मोजायचे कलरिमीटर आवाक्यात आले, ग्रेस्केलची सेटिंग नॉर्मल मेन्यूत आली. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने मोशन स्मूदिंग (टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः घालून हालचाल गुळगुळीत करतो ते) बंद करा म्हणून व्हिडिओ टाकला, आणि २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या गटाने चित्र दिग्दर्शकाला हवं तसं दाखवणारा फिल्ममेकर मोड जाहीर केला. आज चांगल्या टीव्हीवर हा एक मोड निवडला तरी पूर्वी माणूस बोलावून जे मिळायचं त्यातला बराच भाग मिळतो.

पण खोली बदलली नाही, आणि आपल्या फ्लॅटमध्ये तर खरी अडचण तिथेच आहे. दहा फूट रुंद हॉल असेल तर साधारण ५६ हर्ट्झला रूम मोड येतो, म्हणजे भिंतींमध्ये तो सूर अडकून घुमतो, आणि तो पण सबवूफरच्या (बासचा स्पीकर, थोडक्यात सब) ऐन रेंजमध्ये, एका जागी घुमतंय आणि दोन फूट सरकलं की बास गायब. अमेरिकेतल्या जिप्समच्या पोकळ भिंती थोडा बास शोषतात, आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती आणि खाली टाइल्स जवळजवळ सगळा परत पाठवतात, त्यामुळे तिकडचे सल्ले इकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. ऑटो-कॅलिब्रेशन उंचवटा कापू शकतं, पण जिथे लाटा एकमेकींना मारतात तो खड्डा ईक्यूने, म्हणजे ठराविक सूर वाढवून, भरत नाही, उलट अ‍ॅम्पवर लोड येतो. तो खड्डा सब हलवून किंवा सोफा हलवूनच जातो. सब सोफ्याच्या जागी ठेवा, बासवालं गाणं लावा, भिंतीच्या कडेने रांगत ऐका, जिथे सगळ्यात सारखं वाटेल तिथे सब. याला एक रुपया लागत नाही आणि हे केल्याशिवाय कोणालाही बोलवू नका.

माझ्या मते साध्या हॉलमधल्या टीव्ही आणि ५.१ (पाच स्पीकर, एक सब) साठी माणूस लागत नाही, ते पैसे जाड पडदे, गालिचा किंवा दुसऱ्या सबला घाला. प्रोजेक्टर असेल, त्यात एचडीआर (जास्त उजेड-अंधार दाखवणारं चित्र) असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण पडद्याचा गेन (तो किती उजेड परत पाठवतो), लॅम्प किती तास चाललाय, टोन मॅपिंग (एचडीआरचा उजेड प्रोजेक्टरला झेपेल तसा बसवणं) हे सगळं एकत्र जुळवायला अनुभव लागतो. तीन-चार सब असतील तरी तेच. बोलवायच्या आधी एवढं विचारा की मीटर कुठला वापरणार, तो स्पेक्ट्रोमीटरशी (रंग मोजायचं जास्त अचूक यंत्र) प्रोफाइल करून, म्हणजे ताडून, घेणार का, आणि आधीचे-नंतरचे ग्राफ देणार का. ग्राफ द्यायला जो का-कू करतो त्याला नको म्हणा.