बीजभक्षक प्राणी आणि बियांमधील विषे

पिष्ट, प्रथिने आणि तेल एकाच जागी मिळत असल्यामुळे उंदीर, खारी, पोपट, भुंगेरे अशा अनेकांचा बियांवर डोळा असतो. वनस्पती त्यांना अल्कलॉइडे (कडू, बहुधा विषारी द्रव्ये), टॅनिने (तुरट द्रव्ये), दाहक तेले आणि पचनात अडथळा आणणारी प्रथिने यांनी आवर घालतात. त्यामुळे बी खाणे क्वचितच पूर्ण थांबते. पण ती कोणी खायची, कोणता भाग टाकायचा आणि चावायची की अख्खी गिळायची, हे बरेचसे या रसायनांवर ठरते.

गोव्यातले सर्वांत बोलके उदाहरण काजऱ्याचे (कुचला). त्याच्या नारिंगी फळात चपट्या, बटणासारख्या बिया असतात आणि त्यांत स्ट्रिक्नीन व ब्रुसीन ही जहाल अल्कलॉइडे. पेलतिए व कावाँतू या रसायनशास्त्रज्ञांनी १८१८ मध्ये फ्रान्समध्ये वेगळे केलेले स्ट्रिक्नीन मज्जारज्जूतील स्नायूंना आवरणारे संदेश रोखते, म्हणून विषबाधेत जोरदार झटके येतात. तरीही धनेश हे फळ निर्धास्त खातो. चोचीने साल फोडून तो गर गिळतो आणि कठीण बिया न फोडता बाहेर टाकतो. त्याला बीजभक्षक म्हणण्यापेक्षा बीजवाहक म्हणणेच रास्त. दातांनी बी कुटणाऱ्या प्राण्याला ही सवलत नाही.

पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेल्या काजू आणि मिरची या दोन्ही पाहुण्यांनी आपापली शस्त्रे सोबत आणली. काजूच्या टरफलातले तेल कातडी भाजते; बी भाजून फोडणाऱ्यांच्या बोटांना ते चांगले ठाऊक असते. बिब्बा याच कुळातला, त्याची तऱ्हाही तीच. वटवाघळे मात्र काजूचे बोंड घेऊन उडतात, रस चोखतात आणि बी तशीच खाली टाकतात.

मिरचीचा तिखटपणा बियांत नसून त्यांना धरणाऱ्या पांढऱ्या शिरांत असतो, काणकोणची खोला मिरची असो की रानातली. हा तिखटपणा देणारे कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या तोंडातील दाह जाणवणारे ग्राहक (संवेदना टिपणारी प्रथिने) चेतवते. पक्ष्यांचे ग्राहक त्याला दाद देत नाहीत. अमेरिकेतील ॲरिझोनात रानमिरचीवर झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्ष्यांच्या पोटातून गेलेल्या बिया रुजल्या, उंदरांनी खाल्लेल्या रुजल्या नाहीत. म्हणजे तिखटपणा चावणाऱ्यांना दूर ठेवतो आणि गिळणाऱ्यांना मोकळीक देतो.

कीटकांची गोष्ट निराळी, कारण त्यांची अळी बीच्या आतच वाढते. डब्यातल्या अळसांद्यांना (चवळी) भोके पाडणारा भुंगेरा राजम्यात मात्र तग धरत नाही. राजम्यातले एक प्रथिन त्याचे पिष्ट पचवणारे विकर (एन्झाइम) अडवते. मूळच्या अमेरिकेतल्या, राजम्यावरच पोसलेल्या दुसऱ्या भुंगेऱ्यावर मात्र या प्रथिनाचा परिणाम होत नाही.