कोमिन्का : जपानच्या खेड्यातलं जुनं घर विकत घेणं

कोमिन्का म्हणजे जपानमधलं जुनं लाकडी पारंपरिक घर. साधारण ५० वर्षांच्या वरचं घर असलं की जाहिरातीत हा शब्द सर्रास लावतात, पण जाणकार मंडळी १९५० चा बांधकाम कायदा यायच्या आधी सुतारांनी जुन्या पद्धतीने उभं केलेलं असेल तरच त्याला कोमिन्का म्हणतात. आत शिरल्यावर मातीच्या जमिनीचा दोमा, पुढे चटयांच्या खोल्या, जमिनीत बसवलेली चौकोनी शेगडी म्हणजे इरोरी, कडेने एन्गावा (आपली पडवीच समजा), आणि सगळ्या घराचा मान असलेला जाडजूड खांब, दाइकोकुबाशिरा.

हे स्वस्त का मिळतं? २०२३ च्या सरकारी पाहणीत देशात सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे १३.८ टक्के, त्यात करासाठी लाकडी घराचं आयुष्य फक्त २२ वर्षं धरतात त्यामुळे जुन्या घराची किंमत कागदावर जवळजवळ शून्य आणि उरते ती जागेची. रिकाम्या घराला आकिया म्हणतात आणि गावोगावच्या नगरपालिका 'आकिया बँक' नावाची यादी चालवतात, तिथे अगदी किरकोळ भावातही घरं दिसतात. परदेशी माणसालाही घर-जमीन नावावर घेता येते, फक्त घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही, हे अशा घरांचे व्हिडिओ करणारे हळूच सांगतात.

खरी गंमत कागदपत्रांत. आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं निघतात ना, अगदी तसंच, मालक कधीच गेलेला आणि वारस दहा ठिकाणी. वारसनोंद सक्तीची झाली तीच मुळी १ एप्रिल २०२४ पासून. घराला लागून शेत असेल तर शेतजमिनीसाठी गावच्या कृषी समितीची परवानगी लागते, २०२३ मध्ये किमान क्षेत्राची अट गेली त्यामुळे छोटा तुकडा घेणं जरा सोपं झालंय.

मग घर. जुने खांब नुसते दगडांवर टेकवलेले असतात, भूकंपात घर हलतं पण लवचिक राहतं असा त्यामागचा हिशोब, आणि १ जून १९८१ नंतरच्या भूकंप-नियमांशी तो जुळत नाही, म्हणून असलं काम केलेला सुतार शोधावा, नाहीतर अर्धं जुनं अर्धं काँक्रीट असं काहीतरी होऊन बसतं. वाळवी, गळणारं छप्पर, मैला उपसायचा संडास, बर्फाच्या भागात छतावरचा बर्फ काढणं हे वेगळंच. गवताच्या छपराला इरोरीचा धूर लागायचा, त्याने किडे दूर राहायचे आणि ओल सुकायची, चूल थंड झाली की छप्पर कुजायला लागतं, म्हणूनच बऱ्याच घरांवर वरून पत्रा ठोकलेला असतो. अॅलेक्स कर या अमेरिकन लेखकाने १९७३ मध्ये तोकुशिमाच्या इया खोऱ्यात असंच एक पडीक गवती घर घेतलं, चिइओरी नावाचं, आणि ते दुरुस्त करत राहणं हे त्याचं वर्षानुवर्षांचं काम झालं.

एजंटला विचारून ठेवायच्या दोन गोष्टी, ज्या बरेच जण विसरतात. एक, घरातलं सामान कोण काढणार, कारण कपाटं, भांडी, गाद्या आणि कधीकधी पूर्वजांचा देव्हारासुद्धा तिथेच असतो आणि तो टाकण्याआधी भिक्षूकडून विधी करून घेतात. दुसरं, गावचं मंडळ वर्गणी किती घेतं आणि पाट साफ करायला, गवत कापायला वर्षातून किती रविवार बोलावतं.