तलफ, बिडी आणि वखार : निपाणी भागात सोडणं एवढं जड का जातंय याची पार्श्वभूमी

पौष-माघात कधी बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या निपाणीवरनं एसटीनं गेला असाल तर आठवत असेल, खिडकी उघडी असली की आधी वास येतोय आणि मग गाव येतंय. तंबाखू कापून रानातच उन्हाला पसरलेला असतोय, रात्रीचं दव पडलं की पानं मऊ होतात, मग पहाटे उठून ती गोळा करायची, आणि तो तिखट-गोडसर वास पार अंथरुणापर्यंत येतोय. आमचं बालपण त्या वासातच गेलं. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्यांदा बिडी सोडायचं ठरवलं ते नेमकं त्याच दिवसांत, आणि पंधरवड्यात परत धरली. तेव्हा घरीदारी सगळे एकच बोलले, मनाचा कच्चा आहे, जिद्द नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता जेवढं वाचलं, बघितलं त्यावरनं तर अजिबातच पटत नाही. ज्या भागात चारशे वर्षं तंबाखू आहे आणि निदान तीन पिढ्या तंबाखूवर चूल पेटली, तिथं एकट्या माणसाच्या जिद्दीवर सगळं ढकलून देणं हा अन्याय आहे, म्हणून हे जरा मागनं सांगतो.

तंबाखू मुळात अमेरिकेतला. १४९२ ला कोलंबसच्या लोकांनी तिथं माणसं पानं पेटवून धूर ओढताना बघितली, पुढं पोर्तुगीजांनी तो इकडं आणला, आणि पोर्तुगीज म्हणजे गोवा, म्हणजे आमच्या चोर्ला घाटाच्या खालचंच. दक्षिणेत तो लवकर रुजला. १६०३-०४ च्या सुमाराला अकबराचा वकील असद बेग विजापूरला आदिलशहाच्या दरबारात आला होता, त्यानं तंबाखू पहिल्यांदा बघितला तो विजापुरात, आणि जाताना रत्नं जडवलेल्या नळीसकट तो आग्र्याला घेऊन गेला. अकबरानं दोनचार झुरके घेतले, हकिमानं नको म्हणून विरोध केला, दरबारात वाद झाला, असं असद बेगनं स्वतःच लिहून ठेवलंय. बेळगाव तेव्हा आदिलशाहीतच, म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या आधी हा धूर आमच्या अंगणात होता. जहांगीरनं १६१७ ला बंदीचं फर्मान काढलं, त्याचा काही उपयोग झाला नाही, लोकांना तोवर तलफ कळली होती.

पण निपाणीची खरी गोष्ट बिडीची. इथली काळी जमीन, पावसाळा सरता सरता केलेली लावण, मग कोरडी थंडी आणि दव, बिडीच्या तंबाखूला हे मानवतंय. बिडीला जे पान लागतं तेंदूचं, ते आमच्याकडं होत नाही, ते विदर्भ-मध्यप्रदेशाकडनं येणार, तंबाखू मात्र आमचा. गुजरातच्या चरोतर पट्ट्यात तसा निपाणी, चिकोडी, पलीकडं कागल-गडहिंग्लजपर्यंत हा पट्टा. गावात वखारी उभ्या राहिल्या, उंच भिंतींच्या, खिडक्या कमी, आणि आत बायका. तंबाखू बडवायचा, चाळायचा, काडी वेगळी, चुरा वेगळा, पोती भरायची.

आमची आजी वखारीत जायची. पदर नाकातोंडाला घट्ट बांधून, तरी संध्याकाळी घरी आली की ती उंबऱ्यात उभी राहून लुगडं झटकायची आणि आम्ही पोरं आत शिंकायला लागायचो. केसात, कानात, नखात पिवळट धूळ. नवीन कामाला लागलेल्या पोरींना चक्कर यायची, उलट्या व्हायच्या, जुन्या बायका म्हणायच्या "तंबाखू लागला गं तिला, चार दिवसांत सरावेल." रानात शेंडा खुडताना, बगलफूट काढताना हाताला काळा चिकट डिंक बसतो, तो राखेनं घासला तरी निघत नाही, त्या वेळीही असंच व्हायचं. आता डॉक्टर सांगतात की ओल्या पानातलं निकोटिन कातडीतनं अंगात जातंय, त्याचाच हा आजार, आणि "सरावेल" म्हणजे शरीराला त्या निकोटिनची सवय लागणं. म्हणजे बघा, बिडी न ओढता, चिमूट न मळता या बायकांच्या अंगात तंबाखू शिरत होता. आणि भूक मरावी म्हणून सकाळी मिश्री लावायच्या ती वेगळीच. आजीला शेवटी शेवटी जिना चढवत नव्हता, पण तिच्या तोंडून वखारीबद्दल वाईट शब्द कधी आला नाही, कारण पोरांच्या शाळेची फी तिथनंच आली होती.

सरकारचंही असंच गुंतलेलं. १९४३ ला इंग्रज सरकारनं तंबाखूवर अबकारी लावली, म्हणजे रानातल्या पानावरच, ती थेट १९७९ पर्यंत चालली. मधे १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं काढून म्हैसूर राज्यात घातला, ते दुःख आमच्याकडं प्रत्येक घरात आहे, त्यावर इथं लिहीत नाही, फक्त एवढंच की वखारीतल्या बाईची भाषा मराठी आणि तिच्या कामाचे कागद कन्नडमधे अशी तऱ्हा झाली. मजुरी मिळायची ती हातावर पोट एवढीच. प्रा. सुभाष जोशी यांनी या बायकांना संघटित केलं आणि निपाणीच्या वखारवाल्या बायका पहिल्यांदा रस्त्यावर आल्या. आजी मोर्चाला गेली होती, पायात चप्पल नव्हती असं सांगायची.

त्याच सुमाराला शेतकरीही उठला. व्यापारी पाडून दर मागायचे, माल रानात पडून, आणि तंबाखू असा माल की खाता येत नाही, विकलाच पाहिजे. मार्च १९८१ मधे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं पुणे-बंगळूर हायवे निपाणीजवळ अडवला, हजारो लोक, बायकापोरं, बैलगाड्या, रस्त्यावरच चुली, आणि हे एक दोन दिवस नाही, तीन आठवड्यांच्या वर चाललं. ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ शेतकरी गेले. अण्णा तेव्हा वीस वर्षांचे, त्या गर्दीत होते. ते सांगतात की रात्री रस्त्यावर जागताना बिडीचं बंडल फिरायचं, ज्याच्याकडं असेल तो पुढं करायचा, ओळख असो नसो. त्यांची बिडी पक्की झाली ती त्या रात्रींत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारण त्यांच्या डोक्यात बिडी म्हणजे व्यसन हा शब्दच नव्हता, बिडी म्हणजे शेजारी बसलेला माणूस, बिडी म्हणजे आपली माणसं ज्या पिकासाठी मेली ते पीक. अशा माणसाला "ते वाईट आहे, टाकून द्या" एवढं सांगून भागत नाही.

आता दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते बघा. १८२८ लाच जर्मनीत पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी तंबाखूतनं निकोटिन वेगळं काढलं होतं. १९५० ला इंग्लंडमधे डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध आकड्यांनी दाखवला, १९६४ ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मोठ्या आरोग्य अधिकाऱ्याचा, रिपोर्ट आला. पण निकोटिन हे हेरॉइन-कोकेनसारखंच व्यसन लावतं हे सर्जन जनरलच्या रिपोर्टात ठामपणे यायला १९८८ उजाडलं. म्हणजे १९८८ पर्यंत जगातले शहाणेसुद्धा ही बऱ्याच अंशी सवयच म्हणत होते, मग आमच्या गावकीनं अण्णांना मनाचा कच्चा म्हटलं तर नवल काय.

तलफ नेमकी काय ते मला एका डॉक्टरबाईंनी समजावलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. झुरका घेतला की १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत, तिथं बरं वाटवणारी रसायनं सुटतात, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, मग मेंदू परत मागतोय. रात्रभर झोपेत ते उतरतं म्हणून सकाळची पहिली बिडी सगळ्यात गोड लागते आणि सोडायला तीच सगळ्यात अवघड. त्यात बिडीचं पान सिगारेटच्या कागदासारखं हवा आत घेत नाही, सारखी विझते, म्हणून जोरात आणि परत परत ओढावं लागतं. बिडी म्हणजे गावठी, साधी, सिगारेटपेक्षा बरी हा समज आमच्याकडं अजून आहे, तो साफ चुकीचा आहे. भारतातल्याच मोठ्या अभ्यासात, २००८ ला आलेल्या, बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य साधारण ६ वर्षांनी आणि बायकांचं ८ वर्षांनी कमी भरलं.

मदतीची गोष्ट सुरू होते स्वीडनमधे, पाणबुडीतनं. १९६७ ला तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं की पाणबुडीत धूर काढता येत नाही म्हणून खलाशी तंबाखू चघळून तलफ भागवतात. त्यावरनं ऊवे फर्न्यो नावाच्या शास्त्रज्ञानं निकोटिनचं च्युइंगम बनवलं, धूर नाही, डांबर नाही, फक्त थोडं निकोटिन, ते हळूहळू कमी करत जायचं. १९७८ ला स्वित्झर्लंडमधे त्याला परवानगी मिळाली. आपल्याकडं तंबाखू सोडवणारी क्लिनिकं सुरू झाली २००२ ला, अख्ख्या देशात १३. निपाणीत १९८१ ला हायवे अडला त्यानंतर एकवीस वर्षांनी. मधल्या काळात सुटली तर देवाची शपथ घेऊन, माळ घालून, नाहीतर दवाखान्यात ॲडमिट होऊन. वारीची माळ घालून सोडलेली माणसं मी बघितली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, कारण त्यांनी ते कुठल्याही औषधाशिवाय सोसलं.

कायदे मात्र भराभर आले, २००३ चा कायदा, मग २ ऑक्टोबर २००८ पासनं सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद, पाकिटावर चित्रं, २०१६ पासनं ती ८५ टक्के जागेवर. डिसेंबर २०१७ मधे आमच्याच कर्नाटक हायकोर्टानं तो ८५ टक्क्यांचा नियम रद्द केला होता, जानेवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. चित्रांचा उपयोग होतोच, पण सुटी बिडी घेणाऱ्याला चित्र दिसतंय कुठं, टपरीवाला कट्ट्यातनं दोन काढून देतो.

आणि सीमाभागाचं अजून एक आहे. २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांत धूर ओढणारे ३.८ टक्के पण तंबाखू खाणारे २४.४ टक्के, कर्नाटकात ओढणारे ८.८ आणि खाणारे १६.३. आमच्याकडं ही दोन्ही राज्यं एकाच खिशात असतात, वरच्या खिशात बंडल-काडीपेटी आणि खालच्या खिशात चुन्याची डबी. त्यामुळं "मी बिडी सोडली" म्हणणारे बरेच जण चिमटीवर आलेले असतात. फुफ्फुस जरा सुटतंय, तोंड अडकतंय, आणि निकोटिन तिथंच राहतंय, त्यामुळं एका वाईट दिवशी परत बिडी. अण्णांचंही पहिल्यांदा असंच झालं. दवाखान्यात गेलो तर तिथले साहेब "सोडा, नाहीतर मरशील" एवढं बोलले आणि पुढचा पेशंट आत. घरी येऊन यांनी मळायला सुरवात केली, आणि मग एका रात्री थ्री फेज लाईट रात्रीची म्हणून उसाला पाणी पाजायला गेले, शेजारच्या बांधावर दोघं ओढत बसलेले, हात पुढं झाला.

दुसऱ्यांदा २०१९ ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तोवर पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर यायला लागला होता, सरकारी, फुकट, तिथं मराठीत बोलता आलं हे अण्णांना फार बरं वाटलं, कारण बाकी सगळीकडं आम्हाला भाषेसाठी थांबावं लागतंय. तिथनं आणि मग बेळगावच्या त्या डॉक्टरबाईंकडनं दोनच गोष्टी नीट कळल्या. एक, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोप नाही, मग दोन-चार आठवड्यांत उतरतंय. दुसरं, तलफेची एक लाट पाचेक मिनिटंच असते, ती सरते, ओढली तरी सरते आणि नाही ओढली तरी सरते. हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हे आधी का सांगितलं नाही वो कुणी?"

तिसऱ्या दिवशीचं मला अजून दिसतंय. जेवण झालं, कॉटवर बसले, उजवा हात आपसूक वरच्या खिशात गेला, खिसा रिकामा, हात तिथंच राहिला. मग उठले, तांब्याभर पाणी प्यायले, गोठ्यात जाऊन म्हशीचं दावं बदलून आले, परत बसले, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "गेली." च्युइंगम पहिल्या दिवशी खोबऱ्यासारखं कराकरा चावलं तर उचकी लागली, ते तसं नसतंय, थोडं चावायचं, तिखट लागलं की गालात ठेवून द्यायचं, आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा नको, चहानं ते नीट भिनत नाही. आमच्याकडं दर तासाला कुणीतरी चहा ठेवतंय, त्यामुळं हेच पाळायला सगळ्यात जड गेलं. आईनं त्या महिन्यात घरात चहाच कमी केला, स्वतःचाही.

डॉल यांनी पुढं इंग्लंडच्या डॉक्टरांचा ५० वर्षं पाठपुरावा केला, २००४ ला ते आलं, त्यात तिशीत सोडणाऱ्याला साधारण १० वर्षं, पन्नाशीत ६ आणि साठीत ३ वर्षं आयुष्य परत मिळालं. अण्णांना मी हे सांगितलं तर त्यांनी बोटं मोजली आणि "तीन तर तीन, नातीचं लग्न बघायला पुरतील काय?" असं विचारलं.

आता आमच्या शिवारात तंबाखू बराच कमी झालाय, पाणी आलं तशी उसानं जागा घेतली, आजीची वखार बंद आहे, पण दार उघडलं की आत वास तसाच. लाईट अजून आठवड्याआड रात्रीचीच असते. अण्णा बांधावर जातात तेव्हा आई बरोबर भाजलेल्या शेंगा देते, दोन मुठी जास्तच, शेजारच्या बांधावरच्या दोघांना पण पुरतील अशा.