पुलाखालचा मतदार

ठाण्याच्या तीन हात नाक्यावर उड्डाणपुलाखाली 2016 पासून कंटेनरमध्ये शाळा भरते. सगळे तिला सिग्नल शाळा म्हणतात. मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यातून येऊन पुलाखालीच बिऱ्हाड मांडलेल्या कुटुंबांची मुलं तिथे शिकतात. शाळेचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मुलांपर्यंत शाळा नेणाऱ्या शहराला त्या मुलांपर्यंत घर काही नेता आलेलं नाही. शाळा सुटली की मुलं पुन्हा पुलाखालीच.

याचं मूळ शोधायला शेजारच्या मुंबईत, 1981 च्या पावसाळ्यात जावं लागतं. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जुलैत फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या गावी धाडायचं जाहीर केलं. भर पावसात! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्याचा निकाल दिला. माणूस फुटपाथवर झोपतो कारण काम तिथून जवळ असतं, आणि पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग, हे न्यायालयाने मान्य केलं. मात्र त्याच निकालाने पालिकेला फुटपाथ मोकळे करायची मुभाही दिली. अट एवढीच, की 31 ऑक्टोबरपर्यंत थांबा. हक्क मिळाला तो कागदावर. प्रत्यक्षात हाती लागली ती एका पावसाळ्याची सवलत.

झोपडपट्टीवाल्यांचं पुढे वेगळं झालं. त्यांना मतं होती, म्हणून नेते होते, म्हणून ज्या तारखेआधीच्या झोपड्यांना संरक्षण, ती तारीख 1 जानेवारी 1995 आणि नंतर 2000 अशी सरकत गेली. त्या तारखेचा फायदा घ्यायला झोपडी मात्र असावी लागते. पुलाखाली पाल टाकून राहणारा झोपडपट्टीतही मोजला जात नाही. त्याच्यासाठी राज्यात जो कायदा हमखास आठवतो तो 1959 चा, भीक मागण्याला प्रतिबंध करणारा.

निवाऱ्याची गोष्ट पुढे सरकली तीही न्यायालयामुळेच. डिसेंबर 2009 च्या थंडीत दिल्लीत पालिकेने एक तात्पुरता निवारा पाडला. त्यानंतर अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शहरांना बारमाही निवारे उभारायला सांगितलं. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान या केंद्राच्या योजनेने हिशेबही घालून दिला: दर लाख वस्तीमागे शंभर जणांची सोय. 2011 च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या 18 लाखांवर आणि नवी मुंबईची 11 लाखांवर होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यावरही ठाण्यात 1,800 आणि नवी मुंबईत 1,100 जणांची व्यवस्था हवी. नवी मुंबई तर सिडकोने 1970 पासून आखून वसवलेलं शहर. तिथे सेक्टरनिहाय शाळा, बाजार, उद्यानं नकाशावर आली. पण तुर्भ्याच्या घाऊक बाजारात रात्रीच्या गाड्या रिकाम्या करून तिथेच अंग टाकणारा माणूस कुठल्या सेक्टरचा?

निकाल आहेत, निकष आहेत, योजनेत पैशाची तरतूदही होती. नव्हता तो पालिकेच्या सभागृहात उभं राहून आयुक्तांना जाब विचारणारा. नगरसेवक मतदारयादी बघून फिरतो, त्यात त्याचं नवल नाही. आणि नवी मुंबईत मे 2020 पासून, ठाण्यात मार्च 2022 पासून कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. तेव्हा तर विचारायला सभागृहच नव्हतं.

म्हणून निवाऱ्याच्या मागणीइतकीच मतदार नोंदणीची मागणीही पक्षांकडे लावून धरायला हवी. निवडणूक आयोगाचा त्याबद्दलचा नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो. बेघर माणसाला रहिवासाचा पुरावा लागत नाही. त्याने सहा नंबरच्या अर्जात आपण झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहायची. मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री, एकाहून अधिक वेळा, तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपलेला आहे का ते बघायचं आणि नाव यादीत घालायचं.