गाडीला पायदान करून घेण्याआधी एवढं वाचा

संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पायदानासाठी, म्हणजे गाडीत चढताना पाय ठेवायच्या पायरीसाठी, तीन तऱ्हेच्या गाड्या येतात. पहिल्या, जुन्या उघड्या जीप. दुसऱ्या, जीपच्या चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) जुन्या मोटारीच्या धाटणीची बॉडी चढवलेल्या लग्नाच्या गाड्या. सीझनमध्ये या परण्या आणि वराती करत जालना, परभणी, बीड असं गावोगाव फिरतात. तिसऱ्या, संख्येने थोड्या, पण हौसेला तोड नाही: अमेरिकन हॉट रॉड (हलक्या आणि वेगवान केलेल्या जुन्या मोटारी) पाहून आपल्याकडच्या गॅरेजात उभ्या केलेल्या गाड्या. गाडी कोणतीही असो, ग्राहक आधी विचारतात की क्रोम करायचं की पावडर कोटिंग. आम्ही आधी विचारतो की पायदान धरणार कशाला, बॉडीला की चासीला? रंगाचं नंतर बघू. हे पत्रक मुख्यतः त्या एका प्रश्नाबद्दल आहे.

हॉट रॉडला पायदान मुळात का नसतं

फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली. तिला दोन्ही बाजूंनी लांब फूटबोर्ड होता आणि त्यावर पाय देऊन माणूस आरामात आत जायचा. पुढे कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेतल्या आणि म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर पळवायला सुरुवात केली. वजन कमी करायचं म्हणून मडगार्ड गेले, त्यांच्यासोबत फूटबोर्डही गेला. १९३२ च्या फोर्डमध्ये व्ही-८ इंजिन आलं आणि ती गाडी या हौशी लोकांची लाडकी झाली. गाडी चालवणारा विशीतला असल्यामुळे आत उडी मारून बसणं हाच शौक होता.

आता तशीच गाडी आपल्याकडे तयार होते आणि तिच्यात वडिलांना बसवायचं असतं, नाहीतर शालू नेसलेल्या नवरीला. उंबरा उंच, दार अरुंद, काही गाड्यांना तर दारच नाही. मग पाय टायरवर जातो, नाहीतर गरम सायलेन्सरवर. पायदान हवंच, पण गाडीची मोकळी, काटक रेघ बिघडू नये हीही अपेक्षा असते. दोन्ही जमतं. त्यासाठी पायदान छोटं ठेवून आतला जोड मोठा करावा लागतो.

भार कुठे जातो

९० किलोचा माणूस पायदानावर चढला. पायदानाचा मध्य चासीपासून २५ सेंटिमीटर बाहेर आहे. चासीची पट्टी १० सेंटिमीटर उंच आहे, ब्रॅकेटची मागची प्लेट खालच्या कडेपर्यंत टेकलेली आहे आणि वरचे बोल्ट त्या कडेपासून ७ सेंटिमीटरवर आहेत. ९० गुणिले २५ भागिले ७ केलं की वरच्या बोल्टांवर बाहेरच्या बाजूला सुमारे ३२० किलोची ओढ येते. हे शांतपणे उभं राहिलं तर. धपकन पाय टाकला, उतरताना उडी मारली, की ही ओढ दुप्पट, तिप्पट होते.

आता तेच पायदान "जरा ऐसपैस करा" म्हणून ३५ सेंटिमीटर बाहेर काढलं, तर ३२० चे ४५० होतात. म्हणून पायदान बाहेर काढायला सांगितलं की आम्ही कुरकुर करतो. तो आळस नाही, दर सेंटिमीटरमागे बोल्टवर ओझं चढत असतं.

बोल्ट सहसा तुटत नाही. ८.८ ग्रेडचा एम-१० बोल्ट तीन टनांपेक्षा जास्त ताण सहन करतो. हार मानते ती चासीची पातळ भिंत. भोकाभोवती पत्रा आत-बाहेर हलतो, रंग तडकतो आणि मग भोकापासून चीर निघते. त्यावर उपाय म्हणजे मागून दोन सूत (पाव इंच) जाडीची बॅकिंग प्लेट. बोल्टची ओढ मग एका भोकावर न येता तळहाताएवढ्या जागेवर पसरते.

चासी उघड्या चॅनेलची आहे की बंद चौकोनी पाइपची, यावरही काम बदलतं. उघडा चॅनेल बाहेरून दाबला की पिळवटतो. त्यामुळे तिथे आम्ही ब्रॅकेट क्रॉस मेंबरच्या शेजारीच घेतो, जिथे चासी आडव्या पट्टीने बांधलेली असते. बंद पाइप पिळाला चांगला तोंड देतो, पण त्यात बोल्ट आवळला की दोन्ही भिंती आत दबतात. बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात सैल होतो. त्यासाठी पाइपच्या आरपार लेथवर बनवलेली बुश बसवतो आणि तिच्या आतून बोल्ट नेतो. मग आवळलेला बोल्ट लोखंडावर आवळला जातो, पोकळीवर नाही.

चासीच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला आम्ही भोक पाडत नाही. गाडीचं वजन आणि खड्ड्यांचे दणके सगळ्यात जास्त त्याच दोन पट्ट्या घेतात. भोक पडेल ते उभ्या भिंतीत, कडेपासून पुरेसं आत आणि कडा गुळगुळीत करून. चासीवर थेट वेल्डिंगही करत नाही. "वेल्डिंगच मारून टाका, भोकं कशाला?" असं दर दोन ग्राहकांमागे एक म्हणतो. वेल्डिंगने चासीत ताण कोंडतात, शिवाय उद्या पायदान काढायचं ठरलं तर गॅस कटर लावावा लागतो. बोल्टचं पायदान पाना लावून सुटतं.

बॉडीचं तर नावच नको. लग्नाच्या गाड्यांची आणि बऱ्याच हॉट रॉडची बॉडी फायबरची असते. फायबरला पायदान लावणं म्हणजे कुडाच्या भिंतीला झोपाळा टांगणं.

उंची, रुंदी, जागा

उंबरा जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर पायदान साधारण अर्ध्या उंचीवर, ३० ते ३५ सेंटिमीटरवर घेतो. गुडघेदुखी असलेलं माणूस बसणार असेल तर थोडं खाली. पण फार खालीही जाता येत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असतो. आपल्या गावांतले गतिरोधक ते पुस्तक वाचून बांधलेले नसतात. म्हणून पायदानाचा तळ जमिनीपासून २५ सेंटिमीटरच्या खाली आम्ही आणत नाही. खूप खाली बसलेल्या हॉट रॉडला तेवढी जागाच उरत नसेल, तर उंबऱ्यालगत बारीक पट्टी आणि आत भक्कम मूठ हा मार्ग बरा पडतो.

पुढचं चाक पूर्ण वळवून दोन्ही बाजूंचं अंतर तपासतो, मागच्या चाकाला सस्पेन्शन दबल्यावर किती जागा उरते तेही बघतो. हॉट रॉडला बाजूने जाणारा उघडा सायलेन्सर असेल तर सगळ्यात आधी त्याकडे लक्ष देतो. तिथून उतरताना पोटरी भाजते. पायदान तिथून पुढे-मागे सरकवा, नाहीतर सायलेन्सरवर भोकांची जाळी घ्या. दिसायला थोडं कमी चालेल, चटका नको.

रुंदीला ३० सेंटिमीटर आणि खोलीला १२-१३ सेंटिमीटर पुरतात. जुन्या धाटणीची लंबगोल, तळहाताएवढी प्लेट हॉट रॉडला शोभते, तीही बनवून देतो. मात्र तिच्यावर फक्त चवडा मावतो. लग्नाच्या गाडीला ती घेऊ नका. नवरदेव फेटा-शेला सांभाळत, नव्या कोऱ्या चपलेत, चारी बाजूंनी ओढणाऱ्या मित्रांमध्ये चढतो. त्याला अख्खं पाऊल मावेल एवढी जागा द्या.

आणि पाय ठेवायला जागा दिली तर हाताला आधारही द्या. मूठ नसली की माणूस काचेची फ्रेम धरून वर ओढून घेतो आणि हॉट रॉडची काच दोन बारीक खांबांवर उभी असते. पायदानासोबत मूठ घेतलीत तर दोन्हींच्या जागा एकत्रच आखता येतात.

माल आणि वेल्डिंग

पायदान धरणारे हात दोन सूत पट्टीचे किंवा जाड भिंतीच्या चौकोनी पाइपचे, खालून तिरका आधार. तुडवायची प्लेट माइल्ड स्टीलची किंवा चेकर्ड. स्टेनलेस हवं असेल तर ३०४ घ्या. २०२ स्वस्त पडतं, पण दोन पावसाळ्यांत त्यावर चहाच्या डागासारखे ठिपके येतात. अॅल्युमिनियमची प्लेट देखणी आणि हलकी असते. ती लोखंडी हातावर थेट न बसवता मध्ये नायलॉनचा वॉशर लागतो, कारण ओल शिरली की जोडापाशी अॅल्युमिनियम खायला सुरुवात होते.

सळईबद्दल वेगळं सांगावं लागतं. जालना शेजारी आहे, रोलिंग मिलची सळई सहज मिळते आणि बऱ्याच ठिकाणी तीच वाकवून जीपला पायरी म्हणून लावतात. ती सळई स्लॅबसाठी आहे आणि तिथे उत्तमच आहे. टीएमटी सळईची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमका जोडापाशी तो थर मऊ पडतो. शिवाय गोल सळईवर ओला बूट टिकत नाही. सळईचं पायदान आम्ही करत नाही, स्वस्तात सांगितलं तरी नाही.

पायदानाचे सगळे जोड आम्ही सीओटू वेल्डिंगने करतो, स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम आर्गनने. "वेल्डिंग दिसायला नको, ग्राइंडर मारून सपाट करा" ही मागणी ऐकतो, पण अर्धीच पाळतो. कोपऱ्यातल्या वेल्डिंगची ताकद तिच्या भरावात असते. तो घासून काढला की जोड चकाकतो आणि कमजोर होतो. समोरून दिसणारी बाजू साफ करून देऊ, खालची आणि वरून ताण घेणारी रेघ तशीच राहील.

चिखल, ऊन, कोटिंग

काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटला की चेकर्ड प्लेटचे उंचवटे भरून जातात आणि प्लेट साबणासारखी होते. शेतात जाणाऱ्या जीपला म्हणून आम्ही भोकांची, कडा वर उचललेली प्लेट सुचवतो. माती खाली गळते आणि पाय पकडतो. लग्नाच्या आणि प्रदर्शनाच्या गाड्यांना रबर शोभतं, पण ते केवळ गोंदाने चिकटवलेलं नको. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गोंद सुटतो. खालून स्क्रूने किंवा खाच करून अडकवलेलं रबर टिकतं.

पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांवर भाजलं जातं, त्यामुळे रबर आणि नायलॉन त्यानंतरच बसतात. ब्रॅकेट जिथे चासीला टेकतो तिथे आम्ही जाड कोटिंग ठेवत नाही. आवळलेल्या बोल्टखाली कोटिंग हळूहळू दबतं आणि बोल्ट ढिला पडतो. क्रोम हवं असेल तर प्लेटला आणि हातांना करू, हाय टेन्साइल बोल्टांना नाही. प्लेटिंगमध्ये कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं.

काम कसं चालतं

आधी पुठ्ठ्याचा साचा गाडीला लावून दाखवतो. रोज त्या गाडीत चढणारं माणूस सोबत आणा; उंची त्याच्या पायाने ठरते, मालकाच्या मताने नाही. साचा पसंत पडला की कटिंग, टाके मारून पुन्हा गाडीवर मापणं, मग पक्कं वेल्डिंग. हे वेल्डिंग गाडीपासून दूर, टेबलावर होतं. गाडीवर टाका मारावाच लागला तर बॅटरीची वायर काढतो आणि अर्थिंगची वायर कामाच्या अगदी जवळ लावतो. ड्रिल मारण्याआधी चासीच्या आतून ब्रेक पाइप, पेट्रोलची नळी किंवा वायरिंग जातं का ते बघतो.

एम-१० बोल्ट टॉर्क रेंचने सुमारे ४५ न्यूटन-मीटरला आवळतो, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले). नंतर दोन माणसं पायदानावर उभी करतो आणि खालून मोजपट्टी लावतो. वजन असताना थोडं वाकलं तर चालतं, माणसं उतरल्यावर मात्र पायदान मूळ मापावर परत आलंच पाहिजे. ही तपासणी तुमच्या समोर होते. ५०० किलोमीटर झाल्यावर एकदा गाडी दाखवा, बोल्ट पुन्हा तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.

घरी एवढंच बघा: वेल्डिंगच्या कडेला रंगावर तांबूस रेघ दिसली तर ती नुसता गंज समजून पुसू नका, खाली चीर असू शकते. नायलॉकचा नट एकदा काढला की नवा लावा.

पायदान चढण्या-उतरण्यापुरतं आहे. काळी-पिवळीच्या मागे लटकतात तसं चालत्या गाडीत त्यावर उभं राहायचं नाही. वरातीत नाचणाऱ्या मित्रमंडळींना हे आधीच सांगा.

कागदपत्रांचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातली मूळ माहिती बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. बॉडी, चासी, इंजिन बदललेल्या गाडीबद्दल आधी तुमच्या आरटीओत विचारून या, एमएच २० असो की एमएच २६. पायदान गाडीच्या सगळ्यात रुंद भागाच्या बाहेर येणार नाही, हे आम्ही बघतो. आरटीओच्या परवानगीची हमी देत नाही.

तुमची गाडी ५० वर्षांहून जुनी आणि अजून मूळ रूपात असेल, तर घाई करू नका. २०२१ च्या नियमांनुसार अशा दुचाकी-चारचाकीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेत नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा लागतो. अशा गाडीला भोक पाडण्याऐवजी चासीला शिकंजासारखं आवळून बसणारं, काढता येणारं पायदान घ्या. तेही बनवून देतो.

गाडी आणण्याआधी चासी खालून धुऊन आणा आणि पेट्रोलची टाकी काठोकाठ भरू नका. दर माप घेतल्यावर लेखी मिळेल. फोटोवरून आम्ही दर सांगत नाही.