काजवे बघायला जाताय? आधी टॉर्च बंद करा

काजव्यांनी भरलेलं झाड मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बोलायचंच विसरलो होतो. दहा मिनिटं झाली असतील, मागून एक गाडी आली, हेडलाइट थेट झाडावर, आणि झाड विझलं. म्हणजे काजवे तिथेच होते, फक्त चमकायचे थांबले. गाडीचे लाइट बंद झाले तरी पुन्हा पहिल्यासारखं लुकलुकायला बराच वेळ गेला. असं का होतं ते नंतर वाचलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

काजव्याचं चमकणं म्हणजे नर-मादीचं बोलणं. बऱ्याच जातींत नर उडता उडता इशारा देतो, प्रत्येक जातीची लय वेगळी, मादी खाली गवतात नाहीतर झुडपावर बसलेली असते, ती आपल्याच जातीची लय ओळखते आणि ठरावीक वेळ थांबून एक बारीकशी चमक परत देते, की नर तिकडे उतरतो. आता त्या ठिपक्यावर आपण टॉर्च मारला तर त्याला ती दिसणार कशी? आणि यांच्याकडे वेळ तरी किती, मोठा झालेला काजवा जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो, कित्येक जाती तर त्या दिवसांत काही खातही नाहीत. त्याची एक रात्र वाया जाणं म्हणजे आपल्या तारुण्यातली दोन-तीन वर्षं गेली असं धरा.

बाकी सगळं आयुष्य अळीचं, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात. ही अळी गोगलगायी खाते, आधी चावून त्यांना बधिर करते. ती पण चमकते बरं का, पण तो इशारा वेगळा, मी चवीला वाईट आहे, खाऊ नका.

म्हणूनच पायवाट सोडून गवतात शिरू नका. काही जातींच्या मादीला उडताच येत नाही, पाय पडला की संपलं.

2020 साली 'बायोसायन्स' या नियतकालिकात जगभरातल्या काजवेतज्ज्ञांचं एक सर्वेक्षण आलं होतं, त्यात सगळ्यात मोठा धोका राहायची जागा जाण्याचा, दुसरा रात्रीच्या कृत्रिम उजेडाचा आणि तिसरा कीटकनाशकांचा. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कात एका तालात चमकणारे काजवे बघायला इतकी गर्दी व्हायला लागली की आता पास लॉटरीने देतात, आणि टॉर्चला रंगीत सेलोफेन लावून तो जमिनीकडेच धरा असं बजावतात.

अंधाराचा फायदा आपल्यालाही आहे. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलचा स्क्रीन एकदा बघितला की ती मेहनत पाण्यात. मोबाईल खिशात ठेवून तेवढा वेळ बसून बघा, आधी फक्त झाडावरचे दिसतात, मग हळूहळू खाली गवतातले मंद, एकाच जागी थांबलेले ठिपके पण दिसायला लागतात, त्यातली एखादी मादी असते, वरच्या कुणाला तरी उत्तर देणारी.